घरचा मीडिया सर्व्हर: कोल्हापुरातल्या घरासाठी अगदी सुरुवातीपासून

दर महिन्याला तीन-चार ओटीटींचे पैसे कापले जातात आणि घरच्यांना बघायचा जुना मराठी सिनेमा नेमका त्यातल्या एकावरही नसतो. गेल्या दिवाळीत होता तो आता काढून टाकलेला असतो. म्हणून घरात स्वतःचा मीडिया सर्व्हर, म्हणजे आपले सिनेमे-व्हिडिओ साठवून टीव्हीपर्यंत पोचवणारा संगणक, बसवायचा विचार करत असाल, तर तो जरूर बसवा. पण एक गोष्ट आधी पक्की करून घ्या: सर्व्हरवर तेवढेच दिसणार जेवढे तुमच्या मालकीचे आहे. नवी मालिका, चालू क्रिकेट सामना हे त्यातून मिळत नाही. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी संग्रह, मग डिस्क, मग विजेची सोय आणि शेवटी संगणक. बहुतेक नवखे लोक हाच क्रम उलटा करतात. भारी संगणक घेतात, त्यावर पाच सिनेमे टाकतात आणि महिन्याभरात तो बंद पडून राहतो.

कपाट आधी उघडा

घरातल्या सीडी, डीव्हीडी, लग्नाच्या कॅसेट, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या डिस्का आणि जुन्या मोबाइलमधले व्हिडिओ सगळे एका जागी काढा आणि मोजा. डिस्क किती मोठी घ्यायची ते यावरच ठरते. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची असते, दुहेरी थराची ८.५ जीबीची. सरासरी ६ जीबी धरली तरी ४ टीबीच्या डिस्कवर सहाशेच्या वर डीव्हीडी बसतात. व्हीसीडीची एक चकती जेमतेम ७०० ते ८०० एमबीची. जुन्या हँडीकॅमची मिनीडीव्ही कॅसेट मात्र तासाला साधारण १३ जीबी खाते.

डीव्हीडीसाठी मेकएमकेव्ही हा प्रोग्राम वापरा. डीव्हीडीपुरते ते फुकट आहे. नुसते फोल्डर उघडून फायली कॉपी केल्या तर सिनेमा १ जीबीच्या तुकड्यांत येतो आणि सर्व्हरवर एकाच सिनेमाचे पाच सिनेमे दिसतात. मेकएमकेव्ही ते तुकडे जोडून एकच फाइल देते, चित्राचा दर्जा जराही कमी न करता. नंतर हँडब्रेक या प्रोग्रामने फाइल लहान करायचा मोह होतो. डीव्हीडीच्या बाबतीत तो टाळा. वाचलेल्या चार जीबींना फारशी किंमत नाही, पण एकदा दाबलेले चित्र परत उघडत नाही.

व्हीसीडीला अग्रक्रम द्या. कितीतरी मराठी सिनेमे आणि नाटके घरोघरी व्हीसीडीवरच आली. तिचे चित्र ३५२ गुणिले २८८ एवढेच, त्यामुळे मोठ्या टीव्हीवर ते धूसर दिसणार. त्याला इलाज नाही. चकतीच्या ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरात ‘डॅट’ प्रकारची फाइल असते. तिचे नुसते नाव बदलून भागत नाही, कारण आतल्या व्हिडिओवर एक वेगळे वेष्टण असते आणि त्यामुळे पुढे-मागे सरकवताना व्हिडिओ अडतो. व्हीएलसी या प्लेअरच्या ‘कन्व्हर्ट’मधून ती एमपीईजी म्हणून बाहेर काढा. सिनेमाच्या दोन-तीन चकत्या असतील तर पार्ट १, पार्ट २ अशी नावे देऊन एकाच फोल्डरात ठेवा. चकती अडत असेल तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल फिरवून नव्हे. तरीही वाचली नाही तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. जुन्या डेस्कटॉपचा जाड ड्राइव्ह पुष्कळदा पातळ यूएसबी ड्राइव्हपेक्षा चांगला वाचतो.

लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटींचे काम सगळ्यांत नाजूक आणि सगळ्यांत तातडीचे. आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅसेटीला बुरशी धरते. कॅसेटीच्या खिडकीतून टॉर्च मारून फितीच्या कडा बघा. पांढरी भुकटी किंवा कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि त्यापुढच्या प्रत्येक कॅसेटीला पसरते. अशी कॅसेट साफ करणाऱ्या माणसाकडे द्यावी. चांगली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. मग व्हीसीआरच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरी यूएसबी कॅप्चर कार्डला जोडून ७२० गुणिले ५७६ मध्ये रेकॉर्ड करा. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात. स्वस्त कार्डांवर सुरुवातीला सगळे ठीक दिसते, पण फीत जिथे कमजोर असते तिथे काही चौकटी (फ्रेम) गळतात आणि शेवटी शेवटी आवाज चित्राच्या मागे-पुढे होतो. म्हणून तपासताना पहिली पाच मिनिटे नव्हे, शेवटची पाच मिनिटे बघा.

कायद्याचेही सांगायला हवे. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी वापर न्याय्य वापरात धरलेला आहे. त्याच प्रती मित्रमंडळींत वाटल्या किंवा गल्लीत केबलवर सोडल्या की तो खासगी वापर राहत नाही. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच. प्रभात फिल्म कंपनीही १९२९ साली कोल्हापुरातच उभी राहिली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. त्या काळातले, या शहरात काढलेले चित्रपट आता त्या मुदतीबाहेर आहेत. कोल्हापूरकराच्या सर्व्हरवर त्यांच्यासाठी एक फोल्डर असलाच पाहिजे.

संगणक कोणता

संगणक विकत शेवटी घ्यायचा, पण कोणता ते आत्ताच ठरवून ठेवा. ऑफिसांतून निघालेला, दुरुस्त करून विकला जाणारा छोटा संगणक घ्या: डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी किंवा लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी. दुकानात ‘रिफर्बिश्ड मिनी पीसी’ म्हणून मागा. इंटेलचा ८व्या पिढीचा आय३ किंवा आय५, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी एवढे भरपूर झाले. पिढीकडे मुद्दाम लक्ष द्या. प्रोसेसरमधली क्विक सिंक नावाची सोय व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्यात बदलते. १०-बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायचा एक प्रकार) व्हिडिओ तिला ७व्या पिढीपासून उलगडता येतात आणि एव्ही१ प्रकारचे ११व्या पिढीपासून. ६व्या पिढीचा संगणक थोडा स्वस्त मिळतो, पण नवीन मोबाइलवर काढलेले व्हिडिओ त्यावर अडखळतात. ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असते त्यात ग्राफिक्सच नसते, तो या कामाचा नाही.

घरात जुना टॉवर पडून असेल तर शिकण्यापुरता तो चालेल, पण विजेचा हिशेब करा. छोटा संगणक आणि एक डिस्क मिळून साधारण २० वॅट घेतात. दिवसरात्र चालले तर महिन्याला १४.४ युनिट. ६० वॅट खाणारा टॉवर ४३ युनिटांवर जातो. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढचे युनिट वरच्या दराने लागतात. तुमचा वापर आज ९० च्या घरात असेल तर छोट्या संगणकाची थोडीच युनिटे वरच्या टप्प्यात जातील, टॉवरची मात्र बहुतेक सगळी. जी वर्गणी वाचवायला निघालो तीच बिलातून परत द्यायची, यात काही अर्थ नाही.

डिस्कवर पैसे वाचवू नका

मिनी पीसीत साडेतीन इंची डिस्क बसत नाही, म्हणून ती बाहेर लावावी लागते. स्वतःचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर असलेली बाहेरची डिस्क घ्या. फक्त यूएसबीवर चालणारी खिशातली डिस्क सतत फिरण्यासाठी बनवलेली नसते. वीज अपुरी पडली की मध्येच निसटते. घेताना ती सीएमआर प्रकारची आहे का विचारा. एसएमआर डिस्कवर एकदम खूप डेटा टाकायला गेले की वेग अगदी बसतो.

जुनी डिस्क वापरायची असेल तर उबंटू या प्रणालीच्या (ती पुढे बसवायची आहे) ‘डिस्क्स’ या ॲपमध्ये तिचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, उघडा. ‘रिअलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळींपुढे शून्य हवे. तिथे आकडा असेल आणि आठवड्यात तो वाढत असेल तर त्या डिस्कवर लग्नाचे व्हिडिओ ठेवू नका.

आणि हो, ४ टीबीची डिस्क विंडोजवर ३.६३ दिसते. दुकानदाराने फसवलेले नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.

लाइट गेल्यावर काय

इथे नवखे लोक सगळ्यांत जास्त मार खातात. वळवाचा पाऊस आला की लाइट जाते, पाच मिनिटांत येते, परत जाते. अशा वेळी डिस्कवर लिहिणे चालू असेल तर फायली बिघडतात.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागच्या बाजूला यूपीएस आणि नॉर्मल (किंवा इको) असे बटण असते. ते यूपीएसवर ठेवा. नॉर्मलवर असताना इन्व्हर्टर विजेवरून बॅटरीवर जायला जास्त वेळ घेतो. पंखा-दिव्याला ते कळत नाही, पण संगणक बंद होऊन परत सुरू होतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर ॲडॉप्टर गुणगुणतात आणि तापतात. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच बोर्डावर घ्या, नाहीतर सर्व्हर चालू आणि टीव्हीपर्यंत वाट बंद अशी गत होते.

मग संगणकाच्या बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) जा. ‘आफ्टर पॉवर लॉस’ किंवा ‘एसी रिकव्हरी’ अशा नावाची ओळ शोधा आणि ती ‘पॉवर ऑन’ करा. बॅटरी संपून सगळे बंद पडले तरी वीज आल्यावर सर्व्हर आपोआप उठतो. हे केले नाही तर तुम्ही गावी असताना घरचे फोन करून विचारणार, टीव्हीवर काही का दिसत नाही.

उबंटू आणि जेलीफिन

प्रणाली म्हणून उबंटूची एलटीएस (जास्त वर्षे अपडेट मिळणारी) आवृत्ती घ्या, डेस्कटॉपसह. पडद्यावर काय चालले आहे ते दिसते आणि नवख्याला धीर येतो. सर्व्हरचा प्रोग्राम म्हणून जेलीफिन. ते २०१८ च्या डिसेंबरात एम्बी या तशाच प्रोग्रामपासून फुटून निघाले, पूर्ण मोफत आहे आणि क्विक सिंकसाठीही पैसे मागत नाही. प्लेक्स दिसायला देखणे आहे, पण त्यात ही सोय पैसे भरल्यावर मिळते आणि २०२५ पासून घराबाहेरून बघायलाही पैसे लागतात. वर्गण्या कमी करायला बसलो आहोत, तेव्हा जेलीफिनच बरे.

१. उबंटूची आयएसओ फाइल उतरवून रूफस या विंडोजवरच्या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू करून एसएसडीवर उबंटू बसवा. या वेळी बाहेरची डिस्क काढून ठेवा, म्हणजे चुकून तिच्यावर काही पुसले जाणार नाही.

२. पॉवर सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक सस्पेंड’ बंद करा. नाहीतर सर्व्हर झोपतो आणि टीव्हीला सापडत नाही.

३. डिस्क जोडा आणि ‘डिस्क्स’ ॲपमधून ती एक्स्ट४ मध्ये फॉरमॅट करा. यात तिच्यावरचे सगळे पुसले जाते.

४. त्याच ॲपमध्ये दातेरी चक्राच्या मेनूतून ‘एडिट माउंट ऑप्शन्स’ उघडा. ‘यूजर सेशन डिफॉल्ट्स’ बंद करा. माउंट पॉइंट (डिस्क ज्या फोल्डरात दिसेल ती जागा) म्हणून ‘एमएनटी’च्या आत ‘मीडिया’ असा पत्ता इंग्रजी अक्षरांत लिहा. ओळख यूयूआयडीवरून (डिस्कच्या स्वतःच्या क्रमांकावरून) ठेवा, म्हणजे डिस्क दुसऱ्या यूएसबीत लावली तरी पत्ता बदलत नाही. पर्यायांच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द असेल, तो काढू नका. तो नसला आणि डिस्क सापडली नाही तर संगणक सुरू होतानाच अडकतो.

५. डिस्क माउंट करून त्याच मेनूतले ‘टेक ओनरशिप’ दाबा. नाहीतर ताज्या डिस्कवर तुम्हाला एक फोल्डरही करता येणार नाही.

६. जेलीफिनच्या अधिकृत संकेतस्थळावर उबंटूसाठी एका ओळीची आज्ञा दिलेली आहे. ती टर्मिनलमध्ये जशीच्या तशी चिकटवा. झाले की त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’, कोलन (दोन टिंबांचे चिन्ह) आणि ८०९६ असा पत्ता इंग्रजी अक्षरांत टाका.

चौथी पायरी का महत्त्वाची तेही सांगतो. उबंटू स्वतःहून डिस्क जोडते तेव्हा ती तुमच्या नावाच्या खासगी फोल्डरात जोडते. जेलीफिन मात्र ‘जेलीफिन’ नावाच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या हाताने चालते आणि त्याला त्या फोल्डरात शिरायची परवानगी नसते. त्यामुळे फाइल मॅनेजरमध्ये सगळे सिनेमे दिसतात आणि जेलीफिनची लायब्ररी रिकामी. ‘लायब्ररी रिकामी दिसते’ या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते. फाइल बिघडली असेल म्हणून लोक डीव्हीडी पुन्हा पुन्हा उतरवत बसतात.

मांडणी चालू असतानाच बाहेरून जोडण्याला परवानगी द्यायची का, असा प्रश्न येतो. ती चालू राहू द्या, पुढे टेलस्केलला (घराबाहेरून सर्व्हरला सुरक्षितपणे जोडणाऱ्या ॲपला) लागते. नंतर डॅशबोर्डमध्ये प्लेबॅक, मग ट्रान्सकोडिंग (व्हिडिओचा प्रकार बदलणे), तिथे इंटेल क्विक सिंक निवडा. एच.२६४, एचईव्हीसी, एमपीईजी२ यांवर खूण करा. ८व्या पिढीच्या संगणकावर एव्ही१ ची खूण करू नका. प्रोसेसरला जमत नाही ते काम त्याच्यावर पडते आणि व्हिडिओ सुरू होताच बंद होतो. ‘जेलीफिन’ वापरकर्त्याला ‘रेंडर’ गटात (ग्राफिक्स वापरायची परवानगी असलेल्या गटात) घालायला विसरू नका, आज्ञा त्यांच्याच माहितीपानावर आहे. त्यानंतर संगणक एकदा बंद करून सुरू करा.

नावे नीट द्या

प्रत्येक सिनेमाला स्वतःचा फोल्डर: नाव, मग कंसात वर्ष. आतल्या फाइलचे नावही तेच. वर्ष टाकलेच पाहिजे, कारण एकाच नावाचे मराठी आणि हिंदी सिनेमे भरपूर आहेत आणि जेलीफिन हमखास हिंदीचे पोस्टर उचलते. मराठी सिनेमांच्या इंग्रजी स्पेलिंगचा घोळ असतो, म्हणून टीएमडीबी या सिनेमांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर सिनेमा शोधा, पत्त्यातला क्रमांक घ्या आणि फोल्डरच्या नावापुढे चौकटी कंसात ‘टीएमडीबीआयडी’, आडवी रेघ आणि तो क्रमांक इंग्रजी अक्षरांत लिहा. मग चूक होत नाही.

घरचे व्हिडिओ सिनेमांच्या लायब्ररीत टाकू नका. त्यांच्यासाठी ‘होम व्हिडिओज अँड फोटोज’ प्रकारची वेगळी लायब्ररी करा आणि नावाच्या सुरुवातीला वर्ष-महिना-दिवस लिहा, म्हणजे सगळे आपोआप क्रमाने लागते. नाहीतर ताईच्या लग्नाच्या व्हिडिओला कुठल्यातरी परदेशी सिनेमाचे पोस्टर चिकटते.

मराठी उपशीर्षके चौकोन-चौकोन दिसत असतील तर दोन गोष्टी बघा. फाइल यूटीएफ-८ (अक्षरे साठवायची पद्धत) मध्ये साठवलेली हवी आणि सर्व्हरला देवनागरी फाँट मिळायला हवा. नोटो सॅन्स देवनागरी एका फोल्डरात ठेवून प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये ‘फॉलबॅक फाँट’ म्हणून त्याचा पत्ता द्या.

टीव्हीपर्यंत

सर्व्हर राउटरला कॅट६ वायरीनेच जोडा. वाय-फाय टीव्हीला एकवेळ चालेल, तेही ५ गिगाहर्ट्झवर. पेठांत भिंतीला भिंत लागून घरे असल्याने २.४ वर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सगळे राउटर एकमेकांत भांडतात. राउटरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवा, नाहीतर लाइट जाऊन आल्यावर तो बदलतो आणि टीव्हीला जुन्या पत्त्यावर कोणी भेटत नाही.

गूगल टीव्ही, फायर टीव्ही आणि एलजीच्या टीव्हींसाठी जेलीफिनचे ॲप त्या-त्या ॲप स्टोअरमध्ये आहे. टीव्हीवर ते नसेल तर एक स्टिक घेणे सोपे.

सिनेमा चालू असताना डॅशबोर्डवर नजर टाका. ‘डायरेक्ट प्ले’ दिसले तर उत्तम, सर्व्हर नुसती फाइल पाठवतो आहे. ‘ट्रान्सकोडिंग’ दिसले तर कारणही तिथेच लिहिलेले असते. डीटीएस प्रकारचा आवाज टीव्हीला कळत नसेल तर फक्त आवाज बदलला जातो, ते हलके काम. डीव्हीडीची मूळ उपशीर्षके मात्र अक्षरे नसून चित्रे असतात. ती चालू केली की पुष्कळ टीव्हींसाठी सर्व्हरला अख्खा व्हिडिओ नव्याने बनवावा लागतो. सिनेमा अडखळला तर आधी उपशीर्षके बंद करून बघा.

घरातल्या प्रत्येकाला वेगळे खाते द्या आणि प्रशासकाचे खाते टीव्हीवर कधीही ठेवू नका. लहान मुलाच्या हातून रिमोटवर चुकीची बटणे दाबली जाऊन फाइल कायमची पुसली जाऊ शकते.

पुण्या-मुंबईला शिकणाऱ्या मुलांना हा संग्रह दाखवायचा असेल तर राउटरचे पोर्ट (इंटरनेटवरून घरात शिरायची वाट) उघडू नका. बऱ्याच फायबर जोडण्यांत तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळतच नाही, म्हणून पोर्ट उघडूनही काही होत नाही. आणि मिळत असेल तर सर्व्हर अख्ख्या जगासमोर उघडा पडतो. टेलस्केल सर्व्हरवर आणि मुलांच्या फोनवर बसवा. घरगुती वापरासाठी ते फुकट आहे.

पूर आणि दुसरी प्रत

दोन डिस्का जोडून आरसा केला (एकीवरचे सगळे दुसरीवर आपोआप उमटेल असे केले) म्हणजे बॅकअप झाला, असे समजू नका. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच जाते आणि घरात पाणी आले तर दोन्ही डिस्का एकाच पाण्यात. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या शहराला हे वेगळे सांगायला नको. सर्व्हर तळमजल्यावर ठेवूच नका. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. नदीकाठच्या भागात राहत असाल तर ३९ ला पोचायच्या आत डिस्क नीट बंद करून, काढून वर न्या.

सगळ्याची दुसरी प्रत करायची गरज नाही. डीव्हीडी पुन्हा उतरवता येते. लग्न, बारसे, आजी-आजोबांचा आवाज हे परत मिळत नाही; तेवढेच वेगळ्या १ टीबी डिस्कवर घ्या आणि ती डिस्क गडहिंग्लज किंवा इचलकरंजीच्या नातेवाइकांकडे ठेवा. दर गणपतीला, दर दिवाळीला ती आणून नवीन भर घाला आणि चार-पाच फायली प्रत्यक्ष उघडून बघा. न उघडलेल्या प्रतीवर विसंबून राहू नये.

वर्गण्या कधी बंद करायच्या

सर्व्हर चालू झाल्याबरोबर सगळ्या वर्गण्या तोडू नका. महिनाभर घरचे काय बघतात ते बघा. ज्या ॲपकडे कोणी फिरकले नाही ते पहिल्यांदा बंद करा. नव्या मालिकांसाठी एका वेळी एकच वर्गणी ठेवा, वर्षाची न घेता महिन्याची, आणि बघून झाली की दुसरी. टीव्हीवरून ॲप काढून टाकल्याने पैसे कापले जाणे थांबत नाही. आधी ओटीटीच्या खात्यात जाऊन वर्गणी रद्द करा, मग तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून त्या नावाचा मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) रद्द झाला आहे ना ते पाहा. कार्डावरून पैसे जात असतील तर तेच बँकेच्या ॲपमध्ये तपासा.